सोमवारी आवळणारी छाती

एखादा आजार वार बघून येतो, यावर विश्वास बसेल? वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेलेल्या गिरणी कामगाराला सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. सोमवारी खात्यात शिरला की काही तासांतच छाती आवळू लागते. आणि सुरुवातीच्या काळात तर मंगळवारी पुन्हा ठणठणीत! या दुखण्याचं नाव बिसिनोसिस. कापसावर वाढणाऱ्या जीवाणूंचं विष, एंडोटॉक्सिन, हा त्यातला मुख्य संशयित. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी तर आजाराच्या पायऱ्याच वारांवरून ठरवल्या: कधीमधी सोमवारी, दर सोमवारी, मग सोमवारसोबत इतर दिवशीही.

1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापुरात सूत आणि धूळ एकत्रच नांदली. पण दवाखान्यात आलेला माणूस फक्त खोकत असतो. तो कुठे काम करतो, त्रास कोणत्या दिवशी होतो, हे कुणी टिपलंच नाही तर खोकला तो खोकलाच!

म्हणून 1948 च्या कारखाने कायद्याची कमाल वाटते. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेले 29 आजार होते. त्यांत बिसिनोसिस होता आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणाही; यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. हे कळवण्याची जबाबदारी कारखान्याच्या व्यवस्थापकावर होतीच, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही होती. निदान खरं ठरलं की सरकारने डॉक्टरला फी द्यायची आणि ती कारखानदाराकडून चक्क शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल करायची!

अपघाताचा हिशेब त्यामानाने सरळ. धोटा मागावरून उडाला, हाताला लागला. जखमेमुळे 48 तास किंवा जास्त काम बंद राहिलं, तर कारखान्याने वरती कळवायचं. या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही ही 48 तासांची रेघ कायम आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची अपघात वही मात्र तास मोजत बसत नाही. कामगाराने तोंडी सांगितलं तरी चालतं, आणि हात बांधलेला असेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने नोंद केली तरी ती पुरेशी. कामावर पहिलाच दिवस असला तरी अपघाताचा लाभ मिळतो. आजारपणाच्या लाभासाठी आधी वर्गणी भरलेली लागते, इथे ती अट नाही.

घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या पाठीला, डोळ्यांना मात्र असली वही नाही. तिचं घर हाच तिचा कारखाना, पण तो कारखाना म्हणून मोजला जात नाही. मला तरी ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट वाटते.

आता गंमत बघा. अपघात वही शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षं जपायची असते. धुळीचा आजार मात्र बहुधा दहा-दहा वर्षं घेऊन सावकाश येतो! कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक असावं. कारण डॉक्टरच्या अहवालात रुग्ण सध्या जिथे कामाला आहे, किंवा शेवटी जिथे होता, त्या कारखान्याचं नाव आणि पत्ता मागितला होता. म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या म्हाताऱ्याची छाती तपासून डॉक्टरने नरसिंग गिरजी मिलचं नाव लिहायचं. गिरणीला टाळं लागून वर्षं लोटली, मग डॉक्टरची फी वसूल कुणाकडून करायची?