न्हाणीमागचे अळू आणि परसातला शेवगा

नवे घर बांधून झाले, वास्तुशांत आटोपली, की घरातल्या मंडळींना हौस येते ती चार झाडे लावण्याची. गुलाब, मोगरा, जास्वंद ही नावे भराभर निघतात. मग एखादे वडील माणूस हळूच म्हणते, "अरे, काही खाण्याजोगेही लावा!" आणि आमच्या मराठवाड्यातल्या घरांत दोन नावे हमखास पुढे येतात : अळू आणि शेवगा. दोन्ही ओळखीची, दोन्ही बिनपैशाची. शेजारणीने अळूचा एक कांदा दिला, कुणी शेवग्याची फांदी तोडून दिली, की काम झाले. या दोहोंपैकी कोणते लावावे, असे मला कुणी विचारले तर मी उलट विचारते, "तुमच्या घरातले पाणी जाते कुठे?"

प्रश्न विचित्र वाटेल खरा; पण माझे माहेर नांदेडचे आणि सासर लातूरचे, त्यामुळे तो मला सुचतो. नांदेड गोदावरीच्या काठचे, वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय. लातूर पठारावरचे. त्याची तहान भागवायची ती मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणाने, आणि ते धरण तर बीड जिल्ह्याच्या हद्दीत. एकाच मराठवाड्यातली ही दोन गावे, जमीनही दोन्हीकडे बहुतेक काळी. पण माहेरच्या अंगणात जे आपसूक वाढत होते, ते सासरी वाढवावे लागले.

आधी अळूचे बघू. आमच्याकडे त्याला चमकुराही म्हणतात. पूर्वीच्या वाड्यांतून अळू कुणी मुद्दाम लावलेले मला आठवत नाही. न्हाणीचे पाणी भिंतीतल्या भोकातून मागे पडायचे आणि तिथेच अळू माजायचे. त्याला उन्हाचा फारसा सोस नाही. अर्धी सावली चालते, किंबहुना मानवते. हवी असते ती सदैव ओली माती. ओली, पण तुंबलेली नव्हे. डबके साचले की डासांची पैदास होते, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती कोणत्याही भाजीपेक्षा महाग पडते. शिवाय आजच्या कपडे धुण्याच्या पावडरींचे पाणी जुन्या न्हाणीच्या पाण्यासारखे निरुपद्रवी राहिलेले नाही. तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या धुतलेले पाणी अळूला द्यावे. साबणाचे दाट पाणी देऊ नये. बाल्कनीतल्या जुन्या बादलीतसुद्धा वडीपुरती पाने सहज निघतात.

शेवग्याचा स्वभाव नेमका उलटा. त्याला उघडे ऊन हवे आणि पायाशी कोरडेपणा हवा. शेवग्याची रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक पाण्याने मरतात, असे मी म्हणेन. आपली काळी चिकण माती पावसात पाणी धरून ठेवते आणि कोवळे मूळ कुजते. म्हणून दोन फूट खड्डा घेऊन त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे, रोप जरा उंचवट्यावर लावावे. पहिले वर्षभर बेताचे पाणी द्यावे. पुढे तो आपले आपण बघतो. फांदी लावली तरी जगते. मात्र तमिळनाडूतल्या पेरियाकुलमहून निघालेले पीकेएम-१ हे वाण बियांपासून येते आणि सुमारे सहा महिन्यांत शेंगा देऊ लागते. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण रुचिरा हे वाणही आहे.

"शेवगा दारात नसावा," असे जुनी माणसे सांगत. त्यात अपशकुनापेक्षा व्यवहार अधिक असावा. या झाडाचे लाकूड अगदी ठिसूळ. वाऱ्याने फांदी मोडते, आणि शेंगा काढायला वर चढलेल्या मुलासकट मोडते. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे दिसतात, त्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. यावर उपाय एकच : झाड भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावायचे आणि उंच होऊ द्यायचे नाही. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर छाटणी करावी. मग झाड हाताच्या उंचीत राहते आणि चढण्याचा प्रश्नच उरत नाही.

या दोन स्वभावांची परीक्षा लातूरने पाहिली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण आटले होते. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून पिण्याचे पाणी येते आहे आणि आपण झाडांना पाणी घालतो आहोत, ही कल्पनाही मनाला सोसत नव्हती. आमच्या गल्लीतले मोगरे, जास्वंदी वाळल्या. कुणाला त्याचे दुःख करायलाही सवड नव्हती.

शेवगा मात्र उभा होता. त्याला कुणी तांब्याभर पाणी घातले नव्हते, तरी त्याने शेंगा दिल्या. भाजीबाजारात पालेभाजी जुडीला सोन्याचा भाव आला, तेव्हा शेजारच्या काकू रोज ओंजळभर शेवग्याचा पाला ओरबाडून नेत. "वहिनी, भाजीचं झाड नाही हे, कोठार आहे कोठार!" असे त्या म्हणत. त्यांचे म्हणणे पोषणाच्या दृष्टीनेही खोटे नाही. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने आणि भरपूर कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम साधारण सव्वाशे मिलिग्रॅम. अर्थात शंभर ग्रॅम पाला एका ताटात कुणी खात नाही. पण धपाट्याच्या पिठात मूठभर पाला चिरून घातला तर मुले कुरकुर न करता खातात.

आणि अळू? ते दिसेनासे झाले, पण गेले नाही. पाने वाळली, कांदा मातीत गप्प बसून राहिला. ज्या एक-दोन घरांत तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळायला आणि तेच पाणी शेवटी अळूला, असा क्रम ठेवला होता, तिथे चार पाने त्या वैशाखातही हिरवी होती. बाकीच्यांचे अळू पहिल्या पावसांनंतर उठून उभे राहिले. तेव्हा मला उमजले की अळू नवे पाणी मागतच नाही. आपण गटारात घालवलेले तेवढे ते मागते. ज्या घरात अळू हिरवे, त्या घरात पाण्याचा हिशेब आहे असे समजावे.

स्वयंपाकघरातही दोघांची रीत वेगळी. अळूला मान सणाचा. ऋषिपंचमीच्या भाजीत ते लागतेच. भाद्रपदात ते ऐन भरात असते, त्यामुळे महालक्ष्म्यांच्या पानात आमच्याकडे वड्याही असतात. पण अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनीच. म्हणून चिंच किंवा ताक घालून ते पुरते शिजवावे. कच्चट ठेवू नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून बेतानेच खावे. शेवगा रोजच्या जेवणाचा. शेंगा आमटीत, पाला मूगडाळीत, फुले कांद्यावर परतून पीठ पेरून. मात्र मुळे आणि साल खाण्याच्या भानगडीत पडू नये.

तेव्हा माझा सल्ला असा. पाणी बेभरवशाचे आणि अंगणात ऊन असेल, तर आधी शेवगा लावा. अंगण सावलीचे, किंवा घर फ्लॅटमधले असेल, तर अळू. आणि जागा दोन्हींना असेल तर दोन्ही लावा, पण शेजारी-शेजारी नव्हे. सांडपाण्याच्या वाटेवर अळू, आणि त्या वाटेपासून दूर, उंचवट्यावर शेवगा. एक झाड भल्या दिवसांत घरातले पाणी वाया जाऊ देत नाही. दुसरे वाईट दिवसांत घराला भाजीवाचून राहू देत नाही. आता पावसाळा संपला आहे. शेवग्याचे बी गोळा करायला, मुरूम आणून ठेवायला आणि मोरीचे पाणी कुठे जाते ते एकदा वाकून बघायला दिवाळीच्या सुटीसारखी दुसरी वेळ नाही.