नळ, टाकी आणि प्राध्यापक फॉरेस्टर

समजा, साथीच्या दिवसांत एका रुग्णालयात सोमवारी १०० रुग्ण दाखल झाले, मंगळवारी ९० आणि बुधवारी ८०. बरे होऊन घरी जाणारे रोज ६०. दाखल होणारे कमी होत आहेत, म्हणजे खाटांवरचा ताण उतरू लागला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात भरलेल्या खाटा सोमवारी ४० ने वाढल्या, मंगळवारी ३० ने, बुधवारी २० ने. दाखल होणाऱ्यांचा आकडा ६० पर्यंत खाली येईपर्यंत त्या वाढतच राहणार. गच्चीवरच्या टाकीत पाणी सोडणारा नळ थोडा बारीक केला म्हणून टाकी रिकामी होत नाही. खाली जाते त्याहून वरून येणारे पाणी कमी झाले, तरच पातळी उतरते.

यात बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही. तरीही शिकलीसवरलेली माणसे इथे चुकतात. अमेरिकेतील एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यार्थ्यांना लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी बाथटबमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचे आलेख दिले आणि पातळीचा आलेख काढायला सांगितले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बरेच जण घसरले. अशी चूक बुद्धी कमी म्हणून होत नाही, असा विचार करण्याची सवयच शाळा लावत नाही, असे सांगणारे एक वयोवृद्ध प्राध्यापक त्याच संस्थेत होते. त्यांचे नाव जे फॉरेस्टर.

फॉरेस्टर यांचा जन्म १९१८ चा, नेब्रास्का राज्यातल्या गुरांच्या रँचवरचा. तिथे वीज नव्हती. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी मोडीत निघालेल्या मोटारींचे भाग जमवून पवनचक्कीवर चालणारे १२ व्होल्टचे जनित्र तयार केले आणि घरात दिवे लावले. पुढे विद्युत अभियांत्रिकी शिकून १९३९ मध्ये ते एमआयटीत आले. तिथे ‘व्हर्लविंड’ या संगणकाची उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्यासाठी त्यांनी विकसित केलेली चुंबकीय कड्यांची स्मृती नंतर वीसेक वर्षे जगभरच्या संगणकांत वापरली गेली.

एवढ्यावरही एखाद्याचे नाव राहिले असते. पण संगणकातले नवलाईचे दिवस आता सरले, असे वाटून १९५६ मध्ये फॉरेस्टर यांनी ते क्षेत्र सोडले आणि ते व्यवस्थापनाच्या शाखेत गेले. संगणकाबाबतचा त्यांचा अंदाज किती चुकला हे सांगायला नको. निर्णय मात्र फळला.

तिथे जनरल इलेक्ट्रिकचे अधिकारी एक कोडे घेऊन आले. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसत. मागणीतले चढउतार हे कारण सर्वांना सोयीचे होते. फॉरेस्टर यांनी माल, मागणी आणि कामगार यांचे रकाने वहीत आखले आणि कंपनीचे स्वतःचे भरतीचे नियम आठवड्यामागून आठवडा हाताने चालवून पाहिले. मागणी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या हेलकावे खात होती. दुखणे बाहेरून आलेले नव्हते, घरच्याच नियमांत होते. साठा, त्यात येणारा-जाणारा ओघ आणि परिणाम दिसायला लागणारा उशीर यांवर उभ्या असलेल्या या पद्धतीला पुढे ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ हे नाव मिळाले.

यानंतर त्यांनी शहरांचे आणि मग थेट जगाचे प्रारूप केले. त्याच वाटेने १९७२ चे ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हे गाजलेले पुस्तक आले. टीकाही सडकून झाली. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहॉस यांचा आक्षेप होता, की या प्रारूपाला प्रत्यक्ष आकडेवारीचा आधारच नाही. तो आक्षेप वजनदार होता. प्रारूप बोलते ते त्यात घातलेल्या गृहीतकांच्या जोरावर, आणि संगणकातून आले म्हणून काही ते खरे ठरत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात ही पद्धत अधिक उपयोगी पडली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी ती मधुमेहासाठी वापरली. मधुमेहींवर उत्तम उपचार झाले तर ते अधिक वर्षे जगतात. टाकीतून बाहेर जाणारा ओघ मंदावतो, म्हणून एकूण रुग्णसंख्या वाढते. वाढलेला आकडा पाहून उपचार फसले असे म्हणणे चूक. तो कमी करायचा तर नव्याने आजारी पडणारे कमी व्हायला हवेत. हे दोन वेगळे नळ आहेत, आणि सरकारी खर्चाच्या चर्चेत ते सर्रास एकच धरले जातात.

शाळेचा धागा जुळला तो फॉरेस्टर यांचे गुरू गॉर्डन ब्राउन यांच्यामुळे. निवृत्तीनंतर ते ॲरिझोनातल्या टूसान शहरी राहायला गेले होते. १९८८ च्या सुमारास त्यांनी तिथल्या ऑरेंज ग्रोव्ह शाळेतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला प्रारूपे करण्याची ‘स्टेला’ ही संगणक प्रणाली शनिवार-रविवारपुरती वापरायला दिली. त्या वर्षी वर्गाचा ठरलेला अभ्यासक्रम मुदतीच्या काही आठवडे आधीच संपला. मुले व्याख्या पाठ करण्याऐवजी प्राण्यांच्या संख्येची प्रारूपे चालवून पाहत होती. सत्तरी ओलांडलेल्या फॉरेस्टर यांनी मग याच कामाला वाहून घेतले. एमआयटीत पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांकडून त्यांनी शिक्षकांसाठी ‘रोड मॅप्स’ हे स्वयंअध्ययनाचे साहित्य तयार करून घेतले.

हे सारे दूरवर पसरले असे म्हणता येत नाही. मोजक्या शाळांपलीकडे ते फारसे गेले नाही. २००७ मध्ये, या शाखेच्या पन्नाशीच्या परिषदेत फॉरेस्टर यांनी कौतुकाऐवजी कानउघाडणी केली, की आपले क्षेत्र एका जागी थबकले आहे. २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या प्रेरणेने घडलेल्या शालेय साहित्यात साथीचा एक खेळ आहे आणि त्याला संगणकही लागत नाही. प्रत्येक मुलाला गुपचूप १ हा अंक द्यायचा, फक्त एकाला ०. दोघे भेटले की आपापल्या अंकांचा गुणाकार करायचा आणि आलेले उत्तर दोघांनी पुढे न्यायचे. प्रत्येक फेरीनंतर किती मुले शून्य झाली ते फळ्यावर मांडायचे. आलेख आधी सरपटतो, मग एकदम उभा चढतो आणि शेवटी सपाट होतो, कारण तोवर १ हातात असलेले कुणी उरलेलेच नसते.