ह्युमिडॉर घेताना: पेटीवरचा आकडा आणि आतली हवा

ह्युमिडॉरबद्दल जे छापलेलं वाचायला मिळतं, त्यातलं बहुतेक लंडन, न्यूयॉर्क, शिकागोच्या हवेला धरून लिहिलेलं असतं. तिथे हिवाळाभर घर तापवणारी यंत्रं चालू असतात, खोलीतली हवा खडखडीत कोरडी होते आणि सिगारचं बाहेरचं पान तडकतं. त्यामुळे तिथला सगळा सल्ला एकाच काळजीपोटी दिलेला असतो: ओलावा टिकवायचा कसा. हाच सल्ला जुलैत दादरच्या फ्लॅटमध्ये पाळला, तर महिन्याभरात पेटीत बुरशी धरते. मे महिन्यातल्या नागपुरात मात्र तो तंतोतंत लागू पडतो. म्हणून ह्युमिडॉर निवडताना पहिला प्रश्न लाकडाचा किंवा किमतीचा नसतो; आपण राहतो कुठे, हा असतो.

एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. धूर छातीत ओढत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी, हा समज साफ खोटा आहे. तोंडाचा, घशाचा, स्वरयंत्राचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि पेटी कितीही चांगली असली तरी त्यात तसूभर फरक पडत नाही. पुढचं सगळं आहे ते फक्त ठेवणीबद्दल.

"ह्युमिडॉर म्हणजे सिगार ओले ठेवायची पेटी"

अर्धंच खरं. ह्युमिडॉरचं काम आतली सापेक्ष आर्द्रता एका जागी धरून ठेवण्याचं. साधारण 65 ते 70 टक्के ही जगभर मानलेली पातळी. त्याखाली पान ठिसूळ होतं आणि तंबाखूतला सुगंध उडतो. त्यावर सिगार फुगतो, नीट पेटत नाही, ओढताना दम लागतो. सादळलेल्या चिवड्यासारखीच गत: दिसायला ठीक, तोंडात घातल्यावर कळतं. मुंबईच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता दिवसेंदिवस 85 टक्क्यांच्या वर राहते. तिथे पेटीने ओलावा द्यायचा नसतो, बाहेर रोखायचा असतो.

स्वस्त पेटीसोबत झाकणाला चिकटवायची जी गोल काळी डबी येते, तिच्यात पाणी घातलेला फोम असतो. त्या फोमला फक्त देणं ठाऊक, घेणं नाही. त्यापेक्षा मिठाच्या संपृक्त द्रावणाची पाकिटं बरी. बोव्हेडासारख्या पाकिटांवर 62, 65, 69, 72 असे आकडे छापलेले असतात. हवा कोरडी पडली की पाकीट बाष्प सोडतं, दमट झाली की शोषून घेतं. 60 ग्रॅमचं एक पाकीट 25 सिगारांना, हा कंपनीचा हिशेब. किनारपट्टीवर राहणाऱ्याने 65चं घ्यावं, 72च्या वाटेला जाऊ नये. पाकीट बोटांनी दाबून बघायची सवय लावा. मऊ लागतं तोवर चालतंय. कडक, खडे झाल्यासारखं लागलं की बदला.

"पेटीवर 100 लिहिलंय, म्हणजे 100 मावतील"

संग्रह वाढणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येताना 25 सिगारांची मर्यादा आहे, म्हणजे नेमका एक खोका. दुबईचा भाऊ आला, सिंगापूरचा मित्र आला, आपली एक फेरी झाली, की 75 झाले. मग दुकानदार म्हणतो, साहेब, ही 100ची घ्या, पुढची सोय होईल.

तो आकडा कुठल्या सिगारला धरून काढलाय, हे पेटीवर लिहिलेलं नसतं. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. एक रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग. 50 रिंगचा 'रोबुस्टो' सिगार साधारण 2 सेंटिमीटर जाड आणि साडेबारा सेंटिमीटर लांब. आता आतून 26 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 8 खोल अशी पेटी घ्या. लांबीत दोन, रुंदीत दहा, असे एका थरात 20 आणि चार थरांत 80 रोबुस्टो बसतात. कागदावर. वरचा थर झाकणाला टेकता कामा नये, पाकिटं आणि आर्द्रता मोजणारं हायग्रोमीटर ठेवायला जागा हवी, तेव्हा तीन थर धरा. राहिले 60. हाताला न अडखळता काढता-ठेवता यायला हवेत तर 50.

त्याच पेटीत हल्ली चलती असलेले 60 रिंगचे, 6 इंची सिगार भरून बघा. एकेक जवळजवळ 24 मिलिमीटर जाड आणि 15 सेंटिमीटर लांब. लांबीत दोन मावतच नाहीत, एकच. रुंदीत आठ. तीन थर. झाले 24, तेही झाकणापर्यंत ठासून. पेटी तीच, आकडा 80 वरून 24 वर. निकारागुआ आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात जाड सिगारांचं पेव फुटल्यापासून पेट्यांवरच्या जुन्या आकड्यांना फारसा अर्थ उरलेला नाही. दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेवा आणि पेटी आतून मोजा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

आज जितके आहेत त्याच्या दुप्पट क्षमतेची पेटी घ्यावी, हा जुन्याजाणत्यांचा सल्ला मला पटतो, पण त्यात मेख आहे. भरलेली पेटी स्थिर राहते, कारण तंबाखू स्वतःच ओलाव्याचा साठा असतो. 150च्या पेटीत 20 सिगार लोळत असले तर प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर आतली हवा पुरती बदलते. तेव्हा दुप्पट घ्या, पाचपट नको. आणि रिकाम्या जागेचाही हिशेब धरून पाकिटं ठेवा.

"आमच्या सुताराकडून सागवानी करून घेतो"

बाहेरून साग चालेल. आतून नको. सागात तेल असतं, वास असतो, आणि तंबाखू वास पटकन धरतो. देवदारही नको, त्याचा वास तर आणखी उग्र. प्लायवूडचा गोंद आणि आतल्या बाजूला मारलेलं मेलामाइन पॉलिश यांनी सिगार कायमचा बिघडतो. आत हवं ते 'स्पॅनिश सिडार'. नाव ऐकून फसू नका. हे लाकूड स्पेनचं नाही आणि देवदाराच्या गणातलंही नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर वाढणारा हा सेड्रेला नावाचा वृक्ष, महोगनी आणि आपला कडुनिंब ज्या कुळातले त्याच कुळातला. वजनाला हलका, राळ कमी, वास मंद, ओलावा घेऊन तो हळूहळू सोडणारा. 2020 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याने होतो.

आणि तरीही लाकूड ही दुय्यम बाब आहे. पैसे मोजायचे ते झाकणाच्या सांध्यासाठी. चांगल्या पेटीचं झाकण दोन बोटं वरून सोडलं तर दणकन आपटत नाही. आतली हवा दाबली जाऊन ते हुस्स करत बसतं. दहाची नोट झाकणाच्या फटीत धरून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना अडली पाहिजे, बिजागरीच्या बाजूलासुद्धा. मोबाइलचा टॉर्च पेटवून आत ठेवा, झाकण लावा, खोलीतला दिवा घालवा. उजेडाची रेघ दिसली तिथून हवा जाते. काचेच्या झाकणाच्या पेट्या शोकेसमध्ये शोभून दिसतात, पण काच आणि लाकूड जिथे जुळतात तिथे त्या बहुधा गळतात. शिवाय उजेडाने पान फिकुटतं.

सुंदर पेटीची किंमत सुंदर पेटीलाच असते. विनोदी नट मिल्टन बर्ल याने 1961 मध्ये जॉन केनेडींना भेट दिलेला ह्युमिडॉर 1996 साली सदबीजच्या लिलावात 5,74,500 डॉलरला गेला. घेणारे होते 'सिगार अफिशियोनाडो' मासिकाचे मार्विन शँकन. त्या पैशात किती सिगार आले असते, हा हिशेब रसिकाने करायचा नसतो.

"काटा 70 वर आहे, म्हणजे सगळं ठीक"

पेटीच्या दर्शनी भागात बसवलेलं पितळी कड्याचं काट्याचं हायग्रोमीटर शोभेची वस्तू समजा. दहा-दहा टक्क्यांचा फरक दाखवणारी कितीतरी असतात. छोटं डिजिटल घ्या, आणि तेही तपासून. बाटलीच्या बुचात चमचाभर जेवणातलं मीठ घ्या, चार-सहा थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते बूच आणि हायग्रोमीटर झिप लावायच्या पिशवीत बंद करून दिवसभर एका जागी ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते, हा भौतिकशास्त्राचा नियम. यंत्र 71 दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात 4 मिळवत जा.

नवी लाकडी पेटी आणल्या दिवशीच भरू नये. कोरडं लाकूड पाकिटातला आणि सिगारमधला ओलावा ओढून घेतं. 84 टक्क्यांचं पाकीट घालून दोन आठवडे बंद ठेवणं सगळ्यांत सोपं. ओल्या फडक्याने आतून पुसायची जुनी पद्धत सोडून द्या, त्याने फळ्या वाकतात आणि सांधा जातो. पाण्याची उपकरणं वापरणारच असाल तर डिस्टिल्ड पाणी. घरच्या आरओच्या पाण्यात थोडे का होईना क्षार उरतातच.

"गरम होतंय, फ्रिजमध्ये ठेवू"

उष्णता हे खरं संकट आहे, हे मान्य. तंबाखूत एक दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा असतो, लॅसिओडर्मा सेरिकोर्ने. त्याची अंडी पानातूनच येऊ शकतात. 20 अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थंडावते, 25 ते 30 मध्ये ती जोमाने होते. म्हणजे मुंबईतल्या एसी नसलेल्या खोलीत वर्षाचे बहुतेक महिने त्याला पोषक. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि पेटीच्या तळाशी बारीक भुकटी दिसली की समजायचं. सिडारच्या वासाने किडा येत नाही, असं ठासून सांगणारे भेटतात. येतो.

पण घरचा फ्रिज हा उपाय नव्हे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची हवा कोरडी असते आणि आत कालची बोंबलाची आमटी असते. फ्रिजरचा उपयोग आहे, तो वेगळा: नवा खोका आला की दोन झिपच्या पिशव्यांत घालून उणे 18 अंशांना निदान तीन दिवस, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढला तर पान फाटतं. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बरेचदा उणे 18 पर्यंत जातच नाही, तेव्हा थर्मामीटर ठेवून खात्री करा.

वाइन कूलर विकत घेऊन त्याचा ह्युमिडॉर करणारे पुष्कळ आहेत. कल्पना चांगली, पण कुठला कूलर ते बघा. थर्मोइलेक्ट्रिक जातीचा कूलर खोलीपेक्षा साधारण 10 अंशच खाली जाऊ शकतो. खोलीत 34 असताना तो 24 च्या आसपास हाशहुश करत बसेल. कॉम्प्रेसरचा कूलर हवं तेवढं थंड करतो, पण थंड नळीवर हवेतलं पाणी धरतं आणि आत कोरडं पडतं, म्हणून पाकिटं वाढवावी लागतात. 18 ते 21 अंशांवर ठेवता आलं तर उत्तम. नाही जमलं, तर घरातली सगळ्यांत थंड, भिंतीतल्या कपाटाची खालची फळी निवडा. फ्रिजच्या डोक्यावर आणि सेट-टॉप बॉक्सशेजारी पेटी ठेवू नका.

"पांढरी भुकटी आली, म्हणजे सिगार मुरला"

ही बढाई दुकानातही ऐकू येते. तंबाखूतलं तेल बाहेर येऊन त्याचे स्फटिक होतात, असं म्हणतात. बहुतेक वेळा ती निव्वळ बुरशी असते. पानावर कापसासारखे ठिपके, हिरवट-निळसर झाक, पुसल्यावर मागे डाग: शंका नको. कापलेल्या टोकात, आतल्या तंबाखूवर दिसली तर तो सिगार फेकून द्या आणि बाकीचे वेगळे काढून पेटी कोरडी करा. जुना म्हणजे चांगला, हेही सरसकट खरं नाही. जोरकस तंबाखू काही वर्षांत निवतो. हलका असेल तर नुसता निष्प्राण होतो.

सेलोफेन काढायचं की ठेवायचं, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. सेलोफेन वनस्पतीच्या सेल्युलोजचं असतं, त्यातून बाष्प जातं. हाताळणी जास्त असेल तर ठेवा. फक्त व्हॅनिला-कॉफीचा वास दिलेले सिगार बाकीच्यांसोबत कधीही ठेवू नका.

"संग्रह वाढला, आता कपाटच हवं"

मला वाटतं, 100 ते 300 सिगारांच्या टप्प्यावर दिवाणखान्यातलं कपाट ही सगळ्यांत वाईट खरेदी. त्या पैशात एक चांगली लाकडी पेटी रोजच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे किंवा सहलीला नेतो तो जाड भिंतीचा कूलर बॉक्स येतो. दिसायला भिकार, पण हवाबंदपणात दहापट महागाच्या पेट्यांना मागे टाकणारे. आत मूळ लाकडी खोके तसेच रचायचे, 65ची पाकिटं टाकायची, खोक्यावर आणल्याची तारीख लिहायची. प्लास्टिक नवं असेल तर आधी सोडा घालून धुवून आठवडाभर उघडं ठेवा, वास जातो. सांध्यातून काहीच हवा जात नसल्यामुळे महिन्यातून दोनदा झाकण मिनिटभर उघडावं.

कपाट घ्यायचंच ठरलं, तर विकत घेण्याआधी वरच्या आणि खालच्या फळीवर एकेक हायग्रोमीटर ठेवून दोन दिवस बघू द्या, अशी दुकानदाराला अट घाला. दोन्हींत चार-पाच टक्क्यांहून जास्त तफावत निघाली, तर हवा खेळवणारा छोटा पंखा आत बसवूनच द्यायला सांगा. नाहीतर वरचे सिगार सुकतील आणि खालचे सादळतील.