जन्मसाल सांगा, राहिलेली लस सापडेल

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात शिकणारी सगळी मुलं आमगावची नसतात. कोणी सालेकसाकडून रेल्वेने येतं, कोणी देवरीच्या रस्त्याने. लांजीची वाट धरली की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. भवभूती महाविद्यालयासारख्या ठिकाणी एका वर्गात अनेक गावांची मुलं खांद्याला खांदा लावून बसतात. प्रवेश घेताना टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला सगळं तपासलं जातं. लसींच्या डोजचं कार्ड मात्र सहसा कोणी मागत नाही. ते मागायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण समजून घ्यायला गोवरापासून सुरुवात करू.

कोणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराच्या एका रुग्णापासून सरासरी १२ ते १८ जणांना लागण होते. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरत असतो. म्हणजे नुसता ताप-सर्दी समजून अंगावर काढणारा मुलगा तोवर वर्गात, मेसमध्ये आणि रेल्वेच्या डब्यात फिरून आलेला असतो. पुरळ दिसल्यावर त्याला वेगळं ठेवावंच लागतं, पण तोवर बराच उशीर झालेला असतो.

असा आजार थोपवायला शंभरातले सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात. लसीत कमजोर केलेला विषाणू असतो. तो आजार न करता शरीराला शत्रूची ओळख करून देतो आणि ती ओळख स्मृतिपेशी वर्षानुवर्षं जपतात. पण एका डोजने शंभरातल्या साधारण ९३ जणांच्याच शरीरात ही ओळख पक्की होते. सगळ्यांनी एकेक डोज घेतला तरी ९५ गाठता येत नाहीत. दुसरा डोज मुख्यतः त्या उरलेल्या सात जणांसाठी असतो. ते सात कोण, हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच द्यायचा. दोन डोजनंतर सुमारे ९७ जण सुरक्षित होतात.

आता जन्मसालाकडे येऊ. समजा, विद्यार्थिनीचा जन्म २००६-०७ चा आहे. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांना ती लस द्यायची होती आणि शाळाशाळांत ती टोचली गेली. तिला हा डोज मिळाला असण्याची शक्यता बरीच आहे. पण त्या दिवशी ती तापाने घरी असेल, किंवा अफवा ऐकून आईबाबांनी शाळेत पाठवलं नसेल, तर तो राहिला. रुबेला तिला स्वतःला फारसा त्रास देणार नाही. पुढे गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर मात्र बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाव घालतो.

मोहिमेतल्या त्या सुईत गालगुंडाची लस नव्हती, कारण सरकारी कार्यक्रमात ती नाही. गालगुंड लहानपणी होऊन गेले तर बरं. वयात आलेल्या मुलांत त्यामुळे अंडकोषाला सूज येऊ शकते. कांजिण्यांचंही तसंच. त्यांची लसही सरकारी यादीत नाही आणि मोठ्या वयात त्या जास्त छळतात. या दोन्ही लसी खासगी दवाखान्यात विकत घ्याव्या लागतात, आणि सगळ्यांना ते परवडत नाही, हे खरंच आहे. पण गालगुंडाची लस गोवर-रुबेलासोबत एकाच सुईत मिळते, एवढं तरी प्रत्येक पालकाला माहीत असावं.

हिपॅटायटिस बी हा अंधारातला कोपरा. ही लस देशभरातल्या बाळांना मिळू लागली २०११ पासून. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांच्या कार्डावर तो रकानाच रिकामा असतो. हा विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो आणि यकृतात मुक्काम ठोकतो. नर्सिंग किंवा डीएमएलटीला जाणाऱ्या मुलामुलींनी वॉर्डात पाऊल टाकण्याआधी ही लस घ्यायलाच हवी. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सोळावं वर्ष म्हणजे नेमकी अकरावीची धांदल, त्यामुळे दुसरी टीडी हमखास निसटते.

आपल्या भागातली एक गोष्ट शहरी यादीत सहसा सापडत नाही. गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंना रक्तातून गाळणारा अवयव तोच. अशा मुलाला न्यूमोकोकल लस मिळणं जिवाच्या मोलाचं आहे. बाळांच्या कार्यक्रमात ती देशभर आली २०२१ मध्ये, म्हणजे आज कॉलेजात असलेल्यांना ती चुकलीच. त्यांनी फाइल घेऊन गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांना नेमकं हेच विचारावं.

कॉलेजात लसीकरण जमेल का, ही शंका कोविडच्या काळातच मिटली. २५ ऑक्टोबर २०२१ पासून ‘मिशन युवा स्वास्थ्य’ मोहिमेत राज्यातल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांना लस दिली गेली. जमलं होतं, म्हणजे पुन्हा जमेल.

शिबिर लागलं तर सिस्टरच्या हातातली बाटली जवळून बघा. लेबलवर किंवा झाकणावर एक वर्तुळ असतं आणि त्यात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस ठीक. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. विदर्भातल्या उन्हाळ्यात या चिमुकल्या खुणेला फार किंमत आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, पण टीडी आणि हिपॅटायटिस बी गोठल्या तरी वाया जातात, म्हणून त्या थेट बर्फाला टेकवत नाहीत. गोवर-रुबेलाची पूड द्रवात कालवल्यावर चार तासांत संपवावी लागते. म्हणून सिस्टर बाटलीवर वेळ लिहिते.

पहाटेची गाडी धरून येणाऱ्या मुलांनी उपाशीपोटी सुई घेऊ नये. या वयात भोवळ येण्याचं प्रमाण जास्त असतं. बसून टोचून घ्यावं आणि अर्धा तास तिथेच थांबावं. गरोदर विद्यार्थिनींना गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस देत नाहीत, आणि ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. गरोदर आहे का, हे विचारताना आडोसा हवा, सगळ्यांसमोर नको.

कार्ड हरवलं असेल तर गावच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे जुनी नोंद सापडते का बघावं. नाहीच सापडली, तर गोवर-रुबेलाचा डोज पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही.

वेळापत्रक कॉलेजच्या वर्षात चपखल बसतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोज पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. गोवर-रुबेला-गालगुंड आणि कांजिण्यांचे राहिलेले डोज एकाच दिवशी चालतात, नाहीतर दोन्हींत २८ दिवसांचं अंतर हवं. जुलैत प्रवेशाच्या वेळी एनएसएसच्या मुलांनी कार्डं पाहून वर्गवार यादी केली, तर पहिली फेरी जुलैत, दुसरी ऑगस्टमध्ये आणि तिसरी जानेवारीत, उन्हाळी परीक्षांच्या बऱ्याच आधी, उरकते.