गाविलगडच्या डोंगरातले शंख: एप्रिल १८२३

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेला डोंगर तुम्ही पाहिला असेल. खाली काळा दगड, मध्येच कुठे लालसर पट्टा, वर पुन्हा काळा दगड. आपण गाडीतून बघतो आणि पुढे जातो. पण रिसर्चमध्ये यायचं ठरवलं असेल, तर या डोंगराची दोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

एप्रिल १८२३ मध्ये हेन्री वॉयसी नावाच्या डॉक्टरला याच गाविलगडच्या डोंगररांगेत दगड झालेले शंखशिंपले सापडले. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. मग काळ्या दगडाच्या डोंगरात शंख आले कुठून?

हा डॉक्टर इथे करत काय होता?

तेव्हा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. दक्षिणेकडून एक मोठी मोजणी वर सरकत होती. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेलं हे काम, पुढे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' म्हणून ओळखलं गेलेलं. एक सरळ रेषा साखळीने अगदी काटेकोर मोजायची आणि तिच्या आधाराने, फक्त कोन मोजत, त्रिकोणामागून त्रिकोण रचत पुढे जायचं. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा त्यामागचा वैज्ञानिक प्रश्न. अर्थात कंपनी सरकारला नकाशेही हवे होते. शुद्ध जिज्ञासा आणि राज्यकारभाराची गरज एकाच तंबूत राहत होत्या, हे विसरून हा काळ वाचू नका.

या सर्व्हेसोबत सर्जन आणि भूवैज्ञानिक अशा दुहेरी कामावर वॉयसीची नेमणूक झाली होती. २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची समाधी आजही तिथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतलं. लॅम्बटनच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, वॉयसी गाविलगडच्या डोंगरात दगड तपासत होता.

शंख सापडले, तर त्यात एवढं काय?

त्या वेळी युरोपात एक जोरदार वाद चालू होता. काळा बसाल्ट दगड तयार कसा होतो? जर्मनीतल्या वेर्नरचे शिष्य म्हणायचे, पाण्यातून गाळ बसून. स्कॉटलंडच्या हटनचे अनुयायी म्हणायचे, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने वितळलेल्या खडकातून. वेर्नर १८१७ मध्ये वारला, पण वाद पूर्ण शमला नव्हता.

आता या वादात बसाल्टमध्ये शंख सापडणं म्हणजे काय होतं, विचार करा. वितळलेल्या लाव्ह्यात शंख टिकणार कसा? तो तर जळून जाईल. म्हणजे बसाल्ट पाण्यातच तयार झाला असला पाहिजे! हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो ना? उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टरशच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. तिथल्या 'बसाल्ट'मध्ये जीवाश्म आहेत, असं दाखवून पाण्याची बाजू मांडली गेली. नंतर कळलं, की जीवाश्म असलेला दगड बसाल्ट नव्हताच. तो मुळात चिखलाचा खडक होता आणि शेजारच्या वितळलेल्या खडकाच्या उष्णतेने भाजून काळा आणि टणक झाला होता. नुसता बघितला तर हुबेहूब बसाल्ट.

म्हणजे शंख आहे की नाही, एवढ्यावर काहीच ठरत नव्हतं. शंख नेमका कोणत्या थरात आहे, त्याच्या खाली काय आणि वर काय, यावर सगळं अवलंबून होतं.

थर काय सांगतो?

आज आपल्याला हे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. एक प्रवाह यायचा, थंड व्हायचा, मग काही काळ शांतता. त्या काळात वरचा दगड झिजून माती व्हायची, खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची. तळ्यात शेवाळ, वनस्पती, गोगलगायी. त्या मेल्या की शंख तळाच्या गाळात. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. घाटात दिसणारा लाल पट्टा ही बऱ्याचदा अशीच जुनी माती असते, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेली.

लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये दबलेल्या अशा गाळाच्या थराला भूविज्ञानात 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला. गाविलगडचे किंवा सह्याद्रीचे डोंगर लांबून बघा, पायऱ्या लगेच दिसतील.

थोडक्यात, शंख लाव्ह्यात नव्हते, दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात होते. बसाल्ट अग्नीतूनच आला आणि मधल्या काळात इथे पाणीही होतं. दोन्ही खरं.

पण ते पाणी समुद्राचं कशावरून नाही? इथे शंखाची जात कामाला येते. या थरांमधला एक प्रसिद्ध शंख म्हणजे 'फायसा प्रिन्सेपी'. १८४० मध्ये सॉवर्बीने त्याला कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेपचं नाव दिलं. फायसा कुळातल्या गोगलगायींची खूण सोपी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक शंखांचं उजव्या हाताला असतं. आणि हे कुळ गोड्या पाण्यातलं, तळ्या-डबक्यांतलं. म्हणून समुद्र नाही, तळं.

वॉयसीला हे सगळं कळलं होतं का?

कळणं शक्यच नव्हतं. १८२३ मध्ये खडकाचं वय वर्षांत मोजायची सोय नव्हती. किरणोत्सर्गच मुळी १८९६ मध्ये सापडला. 'डायनासोर' हा शब्दसुद्धा रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये तयार केला. जीवाश्मांवरून थर ओळखता येतात, हे दाखवणारा विल्यम स्मिथचा इंग्लंडचा नकाशा तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता.

आणि वॉयसीला पुढे वेळही मिळाला नाही. एप्रिल १८२४ मध्ये, म्हणजे शंख सापडले त्याच्या वर्षभरानंतर, कलकत्त्याच्या वाटेवर तो वारला. गाविलगडच्या शंखांवरचा त्याचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या अठराव्या खंडात छापून आला, तेव्हा तो जाऊन काही वर्षं झाली होती.

जरा थांबून विचार करा. माणूस गेला. त्याला काही विचारायची सोय नाही. मागे राहिलं ते फक्त लिहिलेलं. त्याच्या लेखाच्या शीर्षकातच काय होतं? कोणती वस्तू, कोणती डोंगररांग, कोणता महिना, कोणतं वर्ष. एवढं होतं म्हणून नंतरच्या लोकांना ती नोंद वापरता आली.

नंतरचे लोकही आपल्याच भागाशी जोडलेले. जॉन मॅल्कमसन या मद्रासच्या सर्जनने १८३० च्या दशकात या बसाल्ट प्रदेशाच्या पूर्व भागातल्या जीवाश्मांचा अभ्यास लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे ठेवला. मग नागपूरला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने रॉबर्ट हंटरसोबत आसपासच्या थरांवर १८५५ मध्ये लेख लिहिला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. हिस्लॉपने या थरांचं जे वय मानलं होतं, ते पुढे बदललं. आज दख्खनचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचा. त्यामुळे हे छोटे शंख आज पुन्हा महत्त्वाचे झाले आहेत: एवढ्या मोठ्या उलथापालथीत इथल्या तळ्यांमध्ये कोण तगलं, याचे ते साक्षीदार आहेत.

बघा, स्पष्टीकरण बदललं, वय बदललं, पण 'शंख इथे सापडले' ही नोंद तशीच राहिली.

तुमच्यासाठी यात काय आहे?

तुमचा विषय भूविज्ञान नसेल. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी असेल, मेळघाटातली कोरकू भाषा असेल, संत्र्यावरची कीड असेल. तरी तीन सवयी आजपासूनच लावून घ्या.

एक, वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटलं ते. गाईडशी चर्चा झाल्यावर उजवी बाजू खुशाल खोडा. डावीला हात लावू नका.

दोन, नमुना उचलण्याआधी तो कुठे होता ते लिहा. शंख खिशात टाकून आणला की ती शोकेसमधली वस्तू होते. कोणत्या थरातला हे लिहिलं असेल, तरच तो पुरावा. मुलाखतीचंही तसंच. वाक्य कोण बोललं, कोणासमोर, कशाच्या उत्तरात, हे नसेल तर ते वाक्य फारसं कामाचं नाही.

तीन, नोंद अशी लिहा की उद्या तुम्ही नसलात तरी परक्या माणसाला ती कळेल. 'त्या मोठ्या झाडाजवळ' असं लिहू नका, झाड तोडलं जातं. 'मागच्या वेळेसारखंच' असं तर मुळीच नको.

सिनॉप्सिस लिहिताना आपल्याला घाई असते ती मोठा निष्कर्ष काढायची. पुढच्या वेळी घाटातून जाल तेव्हा सुरक्षित जागी गाडी थांबवा, तो लाल पट्टा शोधा आणि वहीत फक्त एवढं लिहा: तारीख, जागा, खाली काय, वर काय. अर्थ नंतर लावता येईल, तुम्हाला नाही तर दुसऱ्या कुणाला.