हरणटोळ पाळू या?

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना रस्त्याकडेच्या झाडोऱ्यात हरणटोळ असतो, पण नजरेला पडत नाही. कोकणात याला सर्पटोळही म्हणतात. फांदीवरून झेपावून माणसाची टाळू फोडतो, अशी त्याची ख्याती. अर्थात खोटी. हल्लीच्या पोरांचं म्हणणं नेमकं उलट : निमविषारी आहे, काही होत नाही, पाळू या. मला यांचीच जास्त काळजी वाटते.

नागाचे विषदंत पुढे असतात, पोकळ. हरणटोळाचे आणि मांजऱ्या सापाचे वरच्या जबड्यात मागे, नुसती खाच असलेले. साप चावून धरून राहिला तर विष त्या खाचेतून झिरपतं. ते बेतलेलंही सरडे, बेडूक, पाखरांसाठी. आग्नेय आशियातल्या एका मांजऱ्याच्या विषातलं प्रथिन उंदरापेक्षा पक्ष्याच्या स्नायूंवर कितीतरी पट जोरात चालतं. माणसाचं बहुधा सूज-ठणक्यावर निभावतं.

बहुधाच. 1957 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना आफ्रिकेतला बूमस्लँग चावला. पिल्लू आहे, विष किती असणार, असं धरून ते लक्षणं टिपत बसले आणि दुसऱ्या दिवशी गेले. 1975 मध्ये जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मर्टेन्स गेले ते स्वतः पाळलेल्या, वाळक्या काटकीसारख्या आफ्रिकी सापाच्या दंशाने, 18 दिवसांनी. दोन्ही साप मागच्या दातांचेच. आपला हरणटोळ तितका जहाल नाही, हे खरं. पण आपल्याकडची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरती आहे, हेही खरं.

तरी विष हा माझा मुख्य आक्षेप नाहीच. अमेरिकेत हॉगनोज नावाचा निमविषारी साप लोक हौसेने पाळतात. त्यातले बरेचसे पिंजऱ्यातच जन्मलेले आणि गोठवलेल्या उंदरांवर पोसलेले. रानातून धरलेल्या हरणटोळाला हलता सरडा लागतो. तो रोज कोण आणणार? बरेचदा तो अन्नच सोडतो, काचेवर लांबुडकं नाक घासून जखमी होतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप धरून घरात ठेवणं हा गुन्हा आहे; मग तो विषारी असो वा बिनविषारी.

पडवीत शिरलाच, तर दार उघडं ठेवून लांब उभं राहावं. बहुतेक वेळा तो आपणच झाडाकडे निघून जातो. नाहीच गेला, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.