बुद्धिबळाच्या जुन्या नोंदी आणि त्यांचें जतन

बुद्धिबळाचे जुने इंग्रजी ग्रंथ ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस एक प्रश्न नेहमीं पडतो. त्यांतील डाव ज्या पद्धतीनें टिपलेले असतात ती आतां प्रचारांतून गेली आहे. तेव्हां नक्कल किंवा पुनर्मुद्रण करितांना चाली नव्या पद्धतींत उतराव्या कीं मूळच्याच ठेवाव्या? आमचें मत जुन्या पद्धतीच्या बाजूचें आहे. त्याचीं कारणें येथें देतों.

जुन्या पद्धतींत प्रत्येक उभ्या ओळीस, आरंभीं तिच्या पायाशीं उभें असलेल्या मोहऱ्याचें नांव असे, आणि प्रत्येक खेळाडू घरें आपल्या बाजूनें मोजी. राजापुढील प्यादें दोन घरें चाललें कीं दोन्ही पक्षांची नोंद एकच: ‘प्यादें राजाच्या चौथ्या घरीं’. नव्या पद्धतींत उभ्या ओळींस अक्षरें व आडव्या ओळींस पांढऱ्याच्या बाजूनें एक ते आठ अंक असतात. म्हणून त्याच चाली ‘ई ४’ आणि ‘ई ५’ होतात.

नव्या पद्धतीचा गुण उघड आहे. तींत चौसष्ट घरांस चौसष्टच नांवें. जुन्या पद्धतींत प्रत्येक घरास दोन. फिलिप स्टामा ह्यानें १७३७ सालींच पॅरिस येथें छापलेल्या ग्रंथांत अक्षरांकांची रीत योजिली होती, आणि १९८१ पासून फिडे ह्या जागतिक संघटनेनें तीच एक मान्य ठरविली. खेळणारास ती सोयीची, ह्यांत वाद नाहीं.

परंतु ग्रंथ जपणाराचें कार्य निराळें. जुन्या नोंदींत कित्येकदां ‘प्याद्यानें प्यादें घेतलें’ एवढेंच असतें. असें घेणें दोन ठिकाणीं शक्य असल्यास रूपांतर करणारास एक निवडावेंच लागतें, आणि ती निवड मूळ पाठ म्हणून वाचकापुढें जाते. संदेह नाहींसा होत नाहीं. तो केवळ झांकला जातो.

शिवाय एकदां लागलेला हात थांबत नाहीं. बॉबी फिशर ह्याचा ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’ हा ग्रंथ १९६९ सालीं जुन्या पद्धतींत निघाला. १९९५ च्या आवृत्तींत पद्धति पालटली, आणि तिजबरोबर मजकुरांतही पुष्कळ फेरफार झाले. फिशर तेव्हां हयात होता. त्यानें ह्याचा उघड निषेध केला. २००८ च्या आवृत्तींत मूळ मजकूर परत आला, पण चाली नव्या पद्धतींतच राहिल्या.

आपल्या इतिहाससंशोधकांची रीत येथें मार्गदर्शक आहे. मराठी कागदपत्र छापतांना ते सुहूर सन खोडून इसवी सन घालीत नाहींत. मूळ मिति राखून इसवी तारीख शेजारीं देतात, आणि पुढें गणितांत चूक निघाली तरी मूळ हातीं राहतें. बुद्धिबळाच्या ग्रंथांसही हाच नियम लावावा. मूळ चाल मजकुरांत, नवी समासांत. जेथें संदेह असेल तेथें तो स्पष्ट नमूद करावा. नवी पद्धति टीकेच्या जागीं शोभते. मूळ पाठाच्या जागीं नव्हे.